पाचच्या सिरियलमधल्या वहिनी

बोलणं संपलं तरी ती लगेच निघायची नाही. शेवटचं वाक्य झालं की समोरच्याच्या खांद्यावरून पलीकडे कुठेतरी नजर लावायची, ओठ किंचित विलग ठेवायची आणि तशीच उभी राहायची. चार-पाच सेकंद. "बरं, उद्या भाजी आणायला जाऊ" एवढं साधं बोलून झाल्यावरही तिचा चेहरा असा व्हायचा, की उद्या भाजीच्या दुकानात कुणाचा तरी खून पडणार आहे. नवीन माणूस घाबरायचा, मागे वळून बघायचा. आखातातल्या आमच्या अल ऐनमधल्या मराठी बायकांना मात्र सवय झाली होती. त्याही तिच्याबरोबर थांबायच्या. आई तर तेवढ्या वेळात कोथिंबिरीची दोन-चार देठं मोडून घ्यायची.

अमेरिकेतल्या सिरियलमध्ये प्रसंग संपताना कॅमेरा चेहऱ्याजवळ येतो आणि जाहिरात लागेपर्यंत नटीला भाव धरून ठेवावा लागतो. तिने ते कित्येक वर्षं रोज केलं होतं. सिरियल सुटली, देश सुटला, पण चेहरा सुटला नाही. लोकांना ही गंमत वाटायची. मला चीड यायची. आमच्या घरात मी बोलायला लागले की आई उठून कुकर बघायला जायची. आणि ही काहीही न बोलता उभी राहिली तरी सगळं घर तिच्याकडे बघत बसायचं.

ती अमेरिकन. अल ऐनच्या हॉस्पिटलात मिरजेचे एक डॉक्टर होते, त्यांची बायको. डॉक्टर अमेरिकेत असताना त्यांचं लग्न झालं. तिकडे दुपारी लागणाऱ्या, वर्षानुवर्षं न संपणाऱ्या एका सिरियलमध्ये ती काम करायची. एका हॉस्पिटल-मालकाची दुसरी बायको, देखणी आणि पाताळयंत्री. मग काम सुटलं आणि दोघं इकडे आली. गंमत अशी, की तीच सिरियल दुबईच्या इंग्रजी चॅनलवर संध्याकाळी पाच वाजता लागायची, कित्येक वर्षं शिळी. त्यामुळे नव्वदीच्या त्या वर्षांमध्ये पाच वाजता ती टीव्हीवर हिऱ्यांचा हार घालून नवऱ्याच्या औषधात काहीतरी मिसळत असायची, आणि साडेपाचला पिकलेले केस क्लिपमध्ये अडकवून आमच्या दारात उभी असायची: "हिंग आहे का गं? माझा संपला."

सगळे तिला 'अहो वहिनी' म्हणायचे. माझ्या वयाच्या मुलींनी 'काकू' म्हणायला हवं होतं, पण ते तिला चालायचं नाही. "काकू म्हणालीस की माझ्याकडून वयाचा दाखला लिहून घेतल्यासारखं वाटतं," असं ती म्हणायची. म्हणून आम्हीही वहिनीच म्हणायचो. मनात मी तिला 'ती' म्हणायचे. इथेही तेच म्हणणार आहे.

इथलं सेन्सॉर कडक. चुंबनाचा प्रसंग आला की पडदा खटकन पुढच्या प्रसंगावर उडी मारायचा. त्यामुळे अल ऐनच्या बायकांच्या लेखी तिचं चारित्र्य धुतल्या तांदळासारखं होतं. "बाई चार नवरे करते, पण एकाचाही हात धरताना दिसली नाही हो," असं कुलकर्णीकाकू कौतुकाने सांगायच्या. कुलकर्णीकाकू आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहायच्या आणि सिरियल बघताना मागच्या भागात काय झालं ते सगळ्यांना मोठ्याने सांगायच्या, पुढचं ऐकू येऊ नये एवढ्या मोठ्याने. एकदा सुपरमार्केटमध्ये काळ्या अबायातल्या एका बाईने ट्रॉली आडवी घालून हिला विचारलं, सख्ख्या बहिणीचा नवरा पळवताना लाज नाही वाटली? हिने मान खाली घातली. "सॉरी," म्हणाली. "मला तसं लिहून दिलं होतं." आणि मग दह्याच्या डब्यांकडे बघत चार-पाच सेकंद.

तिचं मराठी सासूकडून आलेलं. सासूबाई अमेरिकेत त्यांच्याजवळ राहायच्या आणि त्यांना इंग्रजी येत नव्हतं. म्हणून सुनेने त्यांची भाषा उचलली, शिव्यांसकट. गोरी बाई टॅक्सीवाल्या पठाणाला "हळू हाक रे मेल्या" म्हणायची, आणि तो काही न कळता हसून "यस मॅडम" म्हणायचा. मला ती 'कार्टे' म्हणायची. तिचे 'ट' आणि 'ड' सगळे तोंडात लोण्याच्या गोळ्यासारखे घोळायचे. तरी ती बोलायला लागली की वाटायचं, मराठी ही भांडायला, लाड करायला, उगाच बडबडायला केलेली भाषा आहे. मला ते सहन व्हायचं नाही, कारण माझं मराठी तसं नव्हतं.

माझं मराठी पत्रकांमधून आलेलं. बाबा लालबागचे, गिरणीत जॉबर, म्हणजे खात्यातले मुकादम. संप फसला, गिरणी गेली आणि ते इथल्या हॉस्पिटलच्या मेंटेनन्समध्ये इलेक्ट्रिशियन म्हणून आले. दोन वर्षांनी आई आणि मी आलो. इथल्या शाळेत मराठी नव्हतं. बाबांनी ट्रंकेच्या तळाशी कपड्यांच्या घड्यांमध्ये संपाच्या वेळची पत्रकं आणली होती. त्यांवरून त्यांनी मला अक्षरं शिकवली. बाकीची मुलं 'कमळ', 'बदक' शिकली. मी 'कामगार बंधू-भगिनींनो' शिकले. जेमतेम वाचायला लागले तेव्हा ताटातल्या भेंडीकडे बोट दाखवून म्हणाले होते, "या भेंडीचा मी तीव्र निषेध करते." बाबा हसून हसून उचकी लागेपर्यंत हसले. त्या दिवसापासून मी ठरवलं, की या माणसाची वारस मी. युनियनचं नावही काढता येत नाही अशा देशात, 'संप' हा शब्द घरातसुद्धा हळू उच्चारायचा अशा घरात, आम्ही दोघंच एकमेकांची युनियन होतो. इतर कुणाला त्यात जागा नव्हती.

आणि म्हणूनच सिरियल बघणं मला मान्य नव्हतं. कॉलेजात गेल्यावर मी आईला सांगून पाहिलं, की हे सगळं श्रीमंतांच्या दुःखांवर गरिबांना रडायला लावण्याचं कारस्थान आहे.

"असेल," आई म्हणाली. "पण आज तिचा नवरा शुद्धीवर येणार आहे. सरक जरा."

बायकांना पुढचं जाणून घ्यायचं असायचं. अख्खी सिरियल जगून आलेली बाई समोर बसून बटाटे सोलते आहे, मग विचारणार नाहीत? पण ती सांगायची नाही.

"अहो वहिनी, एवढं तरी सांगा, ते मूल कुणाचं?" कुलकर्णीकाकू अजिजीने विचारायच्या.

"नाही सांगणार. करारात लिहिलंय."

"अहो, तो करार संपून किती वर्षं झाली! इथे वाळवंटात कोण येतंय बघायला?"

"मी आहे ना बघायला," ती म्हणायची, आणि बटाटा सोलत राहायची.

यावर काकू चिडायच्या, आणि त्यांच्यापेक्षा जास्त मी. कारण हे वाक्य माझं असायला हवं होतं. तत्त्वनिष्ठा हे आमच्या घरचं खातं होतं. पावडर-लिपस्टिकवाल्या बाईने त्यात येऊन बसायचं काही कारण नव्हतं.

मग बाबाही तिच्या बाजूला गेले.

तिच्या व्हिलातला एसी बंद पडला होता. बाबा शुक्रवारी, सुट्टीच्या दिवशी, डॉक्टरांच्या शब्दाखातर बघायला गेले. तासाभराचं काम. आले ते जेवणाची वेळ उलटून गेल्यावर, आणि चेहरा असा, की मी तो लहानपणानंतर पाहिला नव्हता.

"बाय, तिने संप केलाय!" ते चपला काढायच्या आधी म्हणाले.

"टीव्हीवर?"

"रस्त्यावर. फोटो आहे. नट लोकांचा संप. थंडीत, हातात बोर्ड घेऊन. नुसतं उभं नाही राहायचं म्हणे, गोल गोल चालत राहायचं. उभं राहिलं तर पोलीस म्हणतात, रस्ता अडवलात. चालत राहिलं तर काही म्हणू शकत नाहीत. आम्हाला हे सुचलंच नाही बघ!"

"त्यांचे संप म्हणजे मोठ्या पगारवाल्यांचे संप," मी म्हणाले. "त्यात कुणाची चूल विझत नाही."

"विझते," बाबा म्हणाले. "एका नटीमागे शंभर जण असतात, त्यांना महिनोन्महिने काम नसतं. हॉटेलात बशा विसळतात. तुला माहीत नाही."

'तुला माहीत नाही' हे मला बाबांनी पहिल्यांदा म्हटलं. तेही तिच्यामुळे.

त्यानंतर शुक्रवार तिचे झाले. दुपारी जेवून बाबा तिच्याकडे जायचे. डॉक्टर आत झोपलेले असायचे आणि हे दोघं व्हरांड्यात काळा चहा घेऊन बसायचे. ती त्यांना 'कॉम्रेड' म्हणायची. मी एक-दोनदा काहीतरी निमित्त काढून गेले. मी पोचले की दोघं बोलायचे थांबायचे, आणि मग ती म्हणायची, "ये कार्टे, बस." बाबा घड्याळाकडे बघायचे. मला त्या व्हरांड्यात मी पाहुणी आहे असं वाटायचं. माझ्याच बापाची पाहुणी.

याच सुमारास मुंबईहून बाबांच्या जुन्या सोबत्यांनी मला विचारलं होतं. ते एक छोटं मासिक काढायचे. संप संपला तेव्हा कामगारांच्या घरात काय झालं, यावर त्यांना अंक करायचा होता आणि मी बाबांवर लिहावं असं त्यांचं म्हणणं होतं. माझं पहिलं छापून येणारं लेखन. मला सगळं माहीत होतं: गेटवरच्या सभा, लाठीमार, आईने विकलेली भांडी. फक्त शेवटचा दिवस माहीत नव्हता. गिरणी सुरू झाली, माणसं हळूहळू आत जायला लागली, त्या दिवशी बाबांनी काय केलं? त्याशिवाय लेख होत नव्हता. मी किती वेळा विचारलं. प्रत्येक वेळी बाबा एकच वाक्य म्हणायचे, पत्रकातलं असावं तसं: "संप संपलेला नाही, बाय. स्थगित आहे." आणि उठून जायचे.

महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी त्या लेखाचा झालेला भाग वाचून दाखवला. एका शाळेच्या हॉलमध्ये, बटाटेवड्याच्या आधी. मी जीव तोडून वाचलं. टाळ्या पडल्या, वडे आले. ती जवळ आली.

"कार्टे, चांगलं लिहितेस. पण तू ओरडतेस तेव्हा मला तुझे शब्द ऐकू येत नाहीत."

"हा काही दिवाणखान्यातला संवाद नाही," मी म्हणाले. "ही गेटवरची भाषा आहे."

"गेटवर उभा राहिलेला माणूस घरी आल्यावर कसा बोलतो, ते लिही ना."

"ते त्याने सांगितलं तर लिहीन."

 ती वड्याची बशी हातात धरून माझ्याकडे बघत राहिली. या वेळी चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त. मला वाटलं, नाटक करते आहे.

तिच्या म्हणी वेगळ्याच असायच्या. "रडताना नाक पुसू नये, हात चेहऱ्यासमोर येतो." "आजाऱ्याला भेटायला गेलं तर पलंगाच्या उजेडाच्या बाजूला बसावं, म्हणजे त्याला आपण दिसतो." आणि एक ती वारंवार म्हणायची: "सिरियलमध्ये मेलेला माणूस परत येऊ शकतो. काढून टाकलेला येत नाही." बायका हसायच्या. बाबा हसायचे नाहीत.

एका मंगळवारी ती टीव्हीवर मेली.

आधी कुणाला कल्पना नव्हती. हिऱ्यांचा हार घालून ती जिना उतरत होती, कुणीतरी वरून ढकललं, आणि पांढऱ्या फरशीवर ती पडून राहिली. कॅमेरा जवळ गेला. डोळे उघडे. आमच्या हॉलमध्ये पाच-सहा बायका होत्या. कुलकर्णीकाकू पहिल्यांदाच काही बोलल्या नाहीत. जाहिराती लागल्या तरी कुणी उठलं नाही. मग आई उठली, स्वयंपाकघरात गेली आणि बेसन काढलं.

"काय करतेस?" मी विचारलं.

"पिठलं. तिच्याकडे आज चूल पेटली नसेल."

मला वाटलं, आई चेष्टा करते आहे. पण तिने भाकरीसाठी परात घेतली होती. आपल्याकडे ज्या घरात माणूस गेलं त्या घरात त्या दिवशी स्वयंपाक करत नाहीत. शेजारपाजारचे पिठलं-भाकरी घेऊन जातात, कडू घास म्हणतात त्याला. एवढ्यात बाबा ड्युटीवरून आले. त्यांना सगळं सांगितलं.

"अगं, पण बाई जिवंत आहे!" बाबा म्हणाले.

"जिवंत आहे म्हणूनच तिला जेवायला लागेल," आई म्हणाली. "नवऱ्याला ड्युटी, पोटी मूल नाही. स्वतःला मरताना एकटीने बघत बसली असेल. चला, गाडी काढा."

मी या अंधश्रद्धेचा निषेध नोंदवला. तरी गेले, कारण बाबा चालले होते.

कुलकर्णीकाकूंनी भात घेतला, आणखी दोघी आपल्या गाडीने आल्या. दार तिने उघडलं. पातेल्याचं झाकण सरकलं होतं, पिठल्याचा वास आला, आणि तिचा चेहरा बदलला. तो चेहरा मी टीव्हीवर कधी पाहिला नव्हता.

"सासूबाई गेल्या तेव्हा," ती म्हणाली, "तिकडे कुणीच आणलं नव्हतं. मी यांना विचारलं, त्या सांगायच्या ते पिठलं कुठेय? हे म्हणाले, इथे कोण आणणार."

ती आत गेली आणि सोफा सोडून खाली फरशीवर बसली. बायकाही बसल्या. चहा करते असं ती म्हणाली नाही, कुणी मागितला नाही. डॉक्टर ड्युटीवरून आले, बायका जमिनीवर ओळीने बसलेल्या बघून दचकले. "कोण गेलं?" त्यांनी विचारलं.

"मी," ती म्हणाली. "बसा."

डॉक्टर बसले.

मग तिने सांगितलं. करारात लिहिलेलं आता उरलं नव्हतं. जे व्हायचं ते पडद्यावर होऊन गेलं होतं. एका वर्षी सिरियलचे लेखक संपावर गेले. सिरियल बंद पडू नये म्हणून कंपनीने ऑफिसातल्या माणसांकडून संवाद लिहून घेतले. नटांचा करार वेगळा, त्यांना कामावर यावंच लागायचं. ती यायची. मेकअप करायची. दिलेलं वाक्य बोलायची, आणि मग चेहरा धरून उभी राहायची. चार-पाच सेकंद नाही, मिनिटभर. प्रत्येक वाक्यानंतर. दिग्दर्शक ओरडायचा, ती म्हणायची, मी भाव दाखवते आहे. दिवसाला जेवढं चित्रीकरण व्हायचं त्याच्या निम्मंही होईना.

"गो-स्लो!" बाबा मांडीवर थाप मारून म्हणाले. "वहिनी, हा तर गो-स्लो! लूमवर करतात तसा, तोंडाने केलात तुम्ही!"

"हो, कॉम्रेड. लेखक परत आले. मालकांनी त्यांना पहिलं काम दिलं, हिला जिन्यावरून ढकला. ज्यांच्या संपासाठी मी चेहरा धरून उभी राहिले, त्यांनीच लिहिलं. त्यांना लिहावं लागलं. शूटिंग झालं, मी फरशीवरून उठले, साडी झटकली—" ती थांबली. "साडी नाही, गाऊन. माझ्या खोलीच्या दारावरची नावाची पट्टी काढून ठेवली होती. कुणी काही म्हणालं नाही. मी घरी येऊन सूप केलं."

आईने भाकरी मोडून तिच्या हातात दिली. ती खायला लागली.  मग खाता खाता ती म्हणाली, "कॉम्रेड, आता तुमचा शेवटचा दिवस सांगा."

मी भिंतीला टेकून बसले होते. मला वाटलं, आता बाबा म्हणणार, संप स्थगित आहे. आणि त्यांनी तिला तसं म्हणावं, अशी माझी फार फार इच्छा होती.

बाबांनी पाण्याचा घोट घेतला. तिच्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही.

"मी आत गेलो," ते म्हणाले. "ज्या गेटवर दीड वर्ष उभं राहून दुसऱ्यांना अडवलं, त्याच गेटमधलं छोटं दार, दिंडी, सकाळी लवकर ढकलून आत गेलो. मॅनेजरच्या केबिनमध्ये. हात जोडले. म्हटलं, परत घ्या. मला वाटलं होतं तो शिव्या देईल. म्हणेल, तूच ना तो, सभेत माझ्या नावाने बोंबलणारा? मी तयारी करून गेलो होतो त्याची. त्याने मान वर करून विचारलं, नाव काय? त्याला माझं नावच माहीत नव्हतं, वहिनी. दीड वर्ष मी त्याच्या नावाने घोषणा दिल्या. त्याने यादी बघितली आणि म्हणाला, जागा नाही. मी मागच्या दाराने बाहेर पडलो, पुढे आपली माणसं उभी होती म्हणून. तिथून सरळ गल्फच्या एजंटकडे गेलो."

आई खाली बघत होती. तिला माहीत असणार.  ती बाबांच्या चेहऱ्यावरून नजर हलवत नव्हती, जणू ते आयुष्यात पहिल्यांदा ऐकते आहे. आणि मी, जिने वर्षभर याच एका दिवसाची भीक मागितली होती, ती भिंतीपाशी पाहुण्यासारखी बसून ते दुसरीला सांगितलेलं ऐकत होते. मला मॅनेजरचा राग आला नाही. बाबांची कीवही आली नाही, तेव्हा तरी. मला तिचा हेवा वाटला. 

निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. कुणी म्हणालं नाही. आम्ही गाडीत बसलो. अल ऐनमध्ये सिग्नलपेक्षा गोल चौक जास्त. दर थोड्या अंतराला गाडी वळसा घेते. उजेड अजून होता, खजुरांच्या झाडांवर पिवळा पडलेला. आई मागे बसली होती. मी पुढे.

"बाबा," मी म्हणाले, "आता मला सांगा."

"काय?"

"शेवटचा दिवस."

"ऐकलंस की आत्ता."

"तिला सांगितलंत ते ऐकलं. मला सांगा."

एक चौक गेला. दुसरा आला. बाबांनी गाडी हळू केली.

"गेलो होतो गेटपर्यंत," ते म्हणाले. "दिंडीला हात लावला. आणि परत फिरलो."

आई मागे मांडीवरच्या रिकाम्या पातेल्याचं झाकण नीट बसवत राहिली.

"आत नाही गेलात?" मी विचारलं.

"तुझा बाप आत जाईल का, बाय?"

"नाही," मी म्हणाले.

लेख मी त्या अंकासाठी दिलाच नाही. परत फिरलेला माणूस मला लिहिता येईना, आणि आत गेलेला माझा नव्हता. बाबांनीही पुन्हा विचारलं नाही. पुढे डॉक्टरांची नोकरी संपली आणि ती दोघं अमेरिकेला परत गेली. जाताना ती आईच्या गळ्यात पडून रडली. नाक पुसलं नाही. बाबांचे शुक्रवार रिकामे झाले. ते मला मिळतील असं मला वाटलं होतं. ते बाबा झोपून काढायला लागले.

बाबा गेल्या वर्षी गेले. लालबागला, परत आल्यानंतर दोन महिन्यांनी. तिला कुणी कळवलं कोण जाणे, दहाव्याच्या आधी तिचा फोन आला. आई बोलली, मग मला दिला. ती तिकडे रडत होती, आणि मला तेव्हासुद्धा वाटलं, की ही माझ्यापेक्षा चांगली रडते.

"कार्टे, लेख लिहिलास?"

"नाही."

"का गं? त्यांनी तर सगळं सांगितलं तुला."

"मला नाही सांगितलं," मी म्हणाले. इतक्या वर्षांचं ते सगळं वर आलं. "तुम्हाला सांगितलं. त्या दिवशी पिठलं खाताना. तुमच्याकडे बघून. मला गाडीत खोटं सांगितलं."

पलीकडे थोडा वेळ काही नाही. चेहरा धरून उभी असणार, असं वाटलं. पण ती बोलली तेव्हा आवाज साधा होता.

"वेडी आहेस का? मला कधीचं माहीत होतं. एसी दुरुस्त करायला आले ना, त्याच दिवशी सांगितलं त्यांनी. पिठल्याच्या दिवशी तुला सांगायचं होतं. तू विचारत होतीस ना सारखी. त्यांना जमत नव्हतं, तोंडातून शब्द निघायचा नाही. म्हणायचे, ती काय म्हणेल. मी म्हटलं, मग मला सांगा, तिला समोर बसवून. माझ्याकडे बघा, ती ऐकेल. किती शुक्रवार गेले त्यात, कार्टे. केबिनमध्ये गेलो, हात जोडले, इथपर्यंत यायचे आणि थांबायचे. परत पहिल्यापासून."

ती आणखी काहीतरी सांगत होती. मी फोन कानाला लावून उभी होते. मला सांगायच्या गोष्टीची तालीमसुद्धा त्यांनी तिच्याबरोबर केली होती.